विद्यापीठाजवळ खोली घेताय? आधी मीटरकडं बघा

मी कोल्हापूरचा वायरमन. राजारामपुरी, सायबर चौक, राजेंद्रनगर, सुभाषनगर या पट्ट्यात गेली चोवीस वर्षं घरोघरी वायरिंगची कामं करतोय. मे महिन्यात पोरं परीक्षा देऊन गावाकडं गेली, की घरमालक मला बोलावतात. खोल्या रिकाम्या असतात, रंगारी आणि मी एकाच वेळी आत असतो. त्यामुळं शिवाजी विद्यापीठाच्या आसपासच्या कितीतरी खोल्या मी रंग लागायच्या आधी बघितल्यात. तुम्ही जून-जुलैत येता तेव्हा त्या नव्या कोऱ्या दिसतात.

हे लिहायला बसलो ते माझ्या दोन भाच्यांमुळं. दोघंही गडहिंग्लजकडून इथं शिकायला आले. थोरल्याच्या डिपॉझिटमधले दहा हजार ‘रंगकामाला’ म्हणून कापले गेले. धाकट्याला एका पंख्याचं आणि एका लॅपटॉपचं महिन्याला बावीसशे रुपये लाइट बिल आलं. दोघांनीही खोली घेताना मला दाखवली नव्हती. “मामा, दुपारी बघितली, चांगली वाटली, टोकन देऊन टाकलं,” एवढंच फोनवर सांगितलं. दुपारी दहा मिनिटांत बघितलेल्या खोलीवर टोकन देऊ नका, हे मी तेव्हापासून भेटेल त्या पोराला सांगत आलोय. खोली दोनदा बघायची. एकदा उजेडात, एकदा रात्री आठनंतर. पाऊस चालू असेल तर फारच चांगलं, छत्री घ्या आणि त्याच वेळी जा.

जागा कुठली धरायची

“मेन गेटपासून दहा मिनिटं” असं एजंट सांगतो, त्यावर जाऊ नका. विद्यापीठाचा आवार साडेआठशे एकरांच्या आसपास आहे. गेटातून आत शिरल्यावर तुमचा विभाग आणखी पंधरा-वीस मिनिटं चालत असू शकतो. खोलीच्या दारापासून विभागाच्या दारापर्यंत एकदा स्वतः चालून बघा, तेच खरं अंतर.

राजारामपुरीत मेस, झेरॉक्स, दवाखाना, बाजार सगळं पायाशी. गल्ल्यांना नंबर असल्यामुळं नवख्याला पत्ताही सोपा. पण मुख्य रस्त्यालगतच्या खोल्यांत रात्री अकरापर्यंत गाड्यांचा आवाज असतो आणि भाडंही चढं. राजेंद्रनगर, एसएससी बोर्डाच्या आसपासचा भाग शांत आहे. अभ्यासच करायचा असेल तर मी तिकडं बघायला सांगतो. सरनोबतवाडी, उजळाईवाडी महामार्गाच्या बाजूला. इमारती नव्या आणि भाडं उतरतं, पण तिथं पाण्याची चौकशी जास्त बारकाईनं करावी लागते. नळाला किती दिवसांनी येतं, बोअर असेल तर एप्रिल-मेमध्ये तिला पाणी राहतं का, पिण्याचं कुठून आणता. हे मालकाला विचाराच, पण खालच्या दुकानदारालाही विचारा.

पुराचं एक सांगतो. विद्यापीठाचा भाग उंचावर आहे, तिथं पंचगंगेचं पाणी येत नाही. पण कोणी शाहूपुरी, नागाळा पार्ककडं खोली बघत असेल, तर शेजाऱ्यांना एकच प्रश्न विचारा: “२०१९ ला पाणी कुठवर आलं होतं?” इथला माणूस हात करून भिंतीवरची उंची दाखवतो. २०२१ चंही विचारा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. हे दोन आकडे पावसाळ्यात कोल्हापुरातल्या प्रत्येक घरात बोलले जातात, तुम्हीही ध्यानात ठेवा. उंचावर राहणाऱ्यानंही ठेवावेत, कारण २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदीकाठची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि शहराचे नळ बंद झाले. पाणी दाराशी आलं नाही तरी टँकरच्या रांगेत उभं राहावं लागलं. म्हणून इमारतीला टाकी केवढी आणि किती बिऱ्हाडांत मिळून, हे विचारून घ्या.

खोलीत शिरल्यावर

भिंतीचा रंग बघू नका, भिंतीला हात लावा. आपल्याकडं पाऊस पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून झोडपतो. ज्या भिंतीवर झड बसते ती भिंत ओल धरते. मे महिन्यात वाळली की तिच्यावर रंग मारतात आणि जुलैत पुन्हा पोपडे सुटतात. तळहात टेकवून बघा, गार आणि चिकट लागली तर ओल आहे. भिंतीतल्या कपाटाचं दार उघडा आणि मागच्या बाजूचा वास घ्या. कुबट वास आला तर तिथं ठेवलेल्या पुस्तकांना ऑगस्टपर्यंत बुरशी येणार. खिडकीखालचा कोपरा आणि छतावर पंख्याच्या हुकाभोवतीचा भाग बघा. हुकाभोवती पिवळा गोल डाग असेल तर वर गच्चीत पाणी साचतंय, आणि तेच पाणी वायरच्या पाइपातून खाली उतरतं.

असा एक बोर्ड मी गेल्याच्या गेल्या जुलैत उघडला. पश्चिमेच्या भिंतीवरचा, टेबलाच्या बरोबर वर. मुलगी म्हणाली, “काका, चार्जर लावला की हाताला मुंग्या येतात.” स्क्रू काढले तर आतल्या बाजूला पाण्याचे थेंब, पेटीच्या तळाला लाल माती आणि अर्थिंगची हिरवी वायर मोकळीच सोडलेली. कुठंही जोडलेली नाही. तीन महिने ती त्या बोर्डवर फोन चार्ज करत होती. त्या दिवशी मी काम संपवून घरी गेलो तरी जेवण गेलं नाही.

म्हणून हे तेवढं कराच. येताना तीस-चाळीस रुपयांचा टेस्टर आणा. गिझरच्या पत्र्याला, नळाला, फ्रिज असेल तर त्याच्या दाराला टेस्टर लावा. दिवा लागला तर ती खोली दुरुस्त झाल्याशिवाय घ्यायची नाही, मालक कितीही चांगला असो. मीटरपाशी किंवा मेन बोर्डात ईएलसीबी आहे का बघा. लोक त्याला ट्रिपर म्हणतात. त्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं छोटं बटण असतं. मालकाला विचारून ते दाबा. खट्‌कन सगळी लाइट गेली पाहिजे. नाही गेली तर तो नुसता शोभेचा आहे. ३० मिलिअँपिअरचा ट्रिपर बसवायला मालकाला फार खर्च येत नाही, आणि अंगातून करंट जायला लागला तर डोळ्याचं पातं लवायच्या आत तो लाइन तोडतो. मागायला लाजू नका.

इंडक्शन वापरणार असाल तर सोळा अँपिअरचा, म्हणजे मोठ्या भोकांचा सॉकेट हवा. दोन हजार वॉटची शेगडी मोबाइलच्या सॉकेटवर लावली की आधी प्लग गरम होतो, मग प्लास्टिक वितळल्याचा वास येतो. एक्स्टेन्शन बोर्ड हा त्याला उपाय नाही. बादलीत टाकायचा हीटर रॉड मी कुणालाच सुचवत नाही. तरी वापरलाच, तर बटण बंद करून प्लग हातानं काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका.

गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल आणि बाथरूमला बाहेर उघडणारी खिडकी नसेल, तर त्या बाथरूममध्ये आंघोळ करू नका. जळताना हवा पुरली नाही की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस आत बसल्या जागी बेशुद्ध पडतो. गिझर बाहेर बसवायला सांगा. मालक ऐकत नसेल तर दुसरी खोली बघा.

स्वयंपाकाला गॅस लागला तर पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्र दाखवून मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. गल्लीतल्या दुकानात मोठ्यातून छोट्यात भरून देतात तसला घेऊ नका. तसं पहिल्या सत्रात मेसच बरी. महिन्याचे पैसे भरायच्या आधी दोन-तीन दिवस सुटी ताटं जेवून बघा आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद असते का ते विचारा.

मीटरची परीक्षा

आता माझ्या कामाचं. खोली पसंत पडली की मीटरपाशी जाऊन तीन गोष्टी बघायच्या.

पहिलं, मीटर स्वतंत्र आहे की सबमीटर, म्हणजे मालकाच्या मीटरमागं त्यानं लावलेला पोटमीटर? महावितरणचा स्वतंत्र मीटर असेल तर बिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो, मागचं एक बिल मालकाकडून मागून घ्या. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्यानं चढतात. पहिली १०० युनिटं स्वस्त, १०१ ते ३०० चा दर पुष्कळच जास्त. एका मीटरवर चार खोल्या असतील तर सगळ्यांची मिळून युनिटं वरच्या टप्प्यात जातात आणि एकटा पंखा लावणारा पोरगाही चढ्या दरानं भरतो. सबमीटर असेल तर युनिटचा दर किती, तो आधी ठरवा आणि लिहून घ्या.

दुसरं, मीटर फक्त तुमच्याच खोलीचं मोजतो का? मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो. वीज जाते तसा तो लुकलुकतो. खोलीतलं सगळं बंद करा, चार्जरसुद्धा काढा, आणि पाच मिनिटं त्या दिव्याकडं बघत उभे राहा. लुकलुकायचा थांबला पाहिजे. चालूच राहिला तर तुमच्या मीटरवर दुसऱ्याचं काहीतरी जोडलंय.

धाकट्या भाच्याचं हेच झालं होतं. मी गेलो, त्याच्या खोलीचा मेन पाडला, तरी सबमीटरचा दिवा भराभर लुकलुकत होता. वायर शोधत जिन्याखाली गेलो, तर गच्चीवर पाणी चढवणारी एक एचपीची मोटर त्याच्या लाइनवर होती. तशी मोटर तासाला पाऊण ते एक युनिट खाते. चार बिऱ्हाडांचं पाणी, म्हणजे दिवसाला तीन तास चालायची. महिन्याला सत्तर-ऐंशी युनिटं एकट्या मोटरची. मालक निवृत्त मास्तर. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं, आधीच्या वायरमननं जवळची वायर दिसली तिथं जोडून दिलं होतं. त्यांनी तीन महिन्यांचे जास्तीचे पैसे स्वतःहून परत केले आणि मी मोटर त्यांच्या मीटरवर घेऊन दिली. भाचा आजही तिथंच राहतो. दरवेळी मालकाच्या मनात खोट असते असं नाही. पण तपासलं नसतं तर तो शिकून बाहेर पडेपर्यंत भरत बसला असता.

तिसरं, राहायला जाल त्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढा आणि तिथंच उभं राहून मालकाला व्हॉट्सअॅप करा.

कागद

“अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी लागत नाही, स्टँपवर नोटरी करू,” हे तुम्हाला दहातले आठ जण सांगतील. हे खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम ५५ सांगतं की भाड्यानं देण्याचा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची. केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते धरलं जातं, मालकानं उलटं सिद्ध करेपर्यंत. मालक बिचकत असतील तर त्यांना हे शांतपणे सांगा. नोंदणी त्यांच्याही भल्याची आहे.

खर्चाला घाबरू नका. समजा तिघांनी मिळून नऊ हजारांचा फ्लॅट घेतला, डिपॉझिट तीस हजार, मुदत अकरा महिने. अकरा महिन्यांचं भाडं ९९,००० रुपये. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज अकरा महिन्यांचं २,७५० रुपये. एकूण १,०१,७५०. त्यावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, म्हणजे अडीचशेच्या आसपास. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये, ग्रामपंचायत हद्दीत ५००. तिघांत वाटून बघा किती येतं ते. वर असतात ते करून देणाऱ्याचे पैसे. नोंदणी आता ऑनलाइन होते, आधार आणि अंगठा लागतो, माणूस मशीन घेऊन घरी येतो.

शासनाच्या योजनांसाठीही हा कागद कामाला येतो. वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, इतर काही विद्यार्थ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. बाहेर भाड्यानं राहतो याचा पुरावा तिथं मागतात. आधी विद्यापीठाच्या वसतिगृहात आणि ‘कमवा आणि शिका’ योजनेत अर्ज करा, खोली त्यानंतर. हे शहर राजर्षी शाहू महाराजांचं आहे. १९०१ मध्ये इथं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, मागोमाग जैन, मुस्लिम, लिंगायत, एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली, खेड्यातल्या पोरांना शहरात डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून. माझे वडील दसरा चौकातल्या एका बोर्डिंगात राहून मॅट्रिक झाले. त्याच गावात आज एखाद्या पोराचं डिपॉझिट बुडतं तेव्हा मला ते परक्याचं नुकसान वाटत नाही.

करारात काय लिहिलंय ते सही करण्याआधी वाचा. डिपॉझिट किती दिवसांत परत, खोली सोडताना किती दिवस आधी सांगायचं, रंगाचे पैसे कोण देणार, लाइटचा दर, पाण्याचे वेगळे पैसे आहेत का, तिघांतला एक मध्येच गेला तर त्याचा वाटा कोणाच्या अंगावर. शेवटचा प्रश्न पोरं विसरतात आणि मैत्री त्याच्यावरच तुटते. कॉट बेसिसवर राहणार असाल तर खोलीत जास्तीत जास्त किती कॉट टाकणार, तो आकडाही लिहून घ्या. नाहीतर जूनमध्ये तिघांची असलेली खोली सप्टेंबरात पाच जणांची होते.

भाडं आणि डिपॉझिट खात्यावरच टाका. रोख दिलंच तर पावती घ्या. आणि ज्याचा फ्लॅट तुम्ही उघडून आत गेला नाही, त्याला एक रुपयाही पाठवू नका. “मी सैन्यात आहे, बदली झालीय, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा म्हणजे तुमचे पैसे परत येतील” असं कुणी सांगितलं तर फोन ठेवा. स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.

मुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी थोडं. माझी मुलगीही आता बाहेर राहून शिकते, म्हणून हे मी जास्तच बघतो. दाराला आतून कडी हवी, नुसतं लॅच नको, कारण लॅचची किल्ली आधीच्या भाडेकरूकडंही असू शकते. शक्य असेल तर स्वतःचं कुलूप लावा. गेट किती वाजता लावतात आणि एसटी उशिरा आली तर कोण उघडतं, हे घरमालकीण काकूंना आधीच विचारा. संडास-बाथरूम खोलीबाहेर असेल तर तिथपर्यंतचा दिवा लागतो का बघा. रात्री आठनंतर खोलीवर जा असं मी म्हणालो ते या रस्त्यासाठीही.

राहायला गेल्या दिवशी सामान लावायच्या आधी मोबाइलवर पूर्ण खोलीचा व्हिडिओ करा. भिंतीचे चारी कोपरे, फुटलेली फरशी, सैल झालेला नळ, कपाटाचं न लागणारं दार, पंख्याचा आवाज, सगळं. तोही मालकाला पाठवा. थोरल्या भाच्याकडं असा दोन मिनिटांचा व्हिडिओ असता, तर त्या खोलीच्या भिंती आधीपासूनच कशा होत्या हे त्याला दाखवता आलं असतं.

सोडतानाही तसंच. एक महिना आधी लेखी सांगा, व्हॉट्सअॅपवर सांगितलं तरी चालेल. शेवटच्या दिवशी मालकांना खोलीत बोलावून त्यांच्यासमोर पुन्हा व्हिडिओ काढा, मीटरचा शेवटचा आकडा दोघांनी मिळून वाचा, लाइटचा हिशेब तिथंच कागदावर करा आणि डिपॉझिट खात्यावर आल्याचा मेसेज बघितल्यावर किल्ली द्या.